फेकून दिलेल्या पुंगळीचं शहाणपण

शिवथरच्या खोऱ्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत लोखंडाची परीक्षा असते. वरंध घाटाच्या पायथ्याशी असलेल्या या मुलखात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. कोयत्यावरून तेलाचा हात फिरवायचा राहिला, तर पात्यावर दोन दिवसांत तांबूस पापुद्रा धरतो. दाराच्या बिजागऱ्या कुरकुरायला लागतात, कुलपं अडतात. अशा हवेत बोटाएवढ्या धातूच्या नळकांड्यात दारू भरून ठेवायची, ती वर्षानुवर्षं कोरडी राहिली पाहिजे आणि हव्या त्या क्षणी पेटलीच पाहिजे, अशी अट घातली तर धातू कोणता घ्यायचा? गेली सव्वाशे-दीडशे वर्षं जगाने दिलेलं पहिलं उत्तर आहे पितळ. दुसरं उत्तर आहे पोलाद. ते स्वस्त आहे, पण गंजतं आणि पितळेपेक्षा ताठर आहे. त्याच्यापासून काडतूस बनवायचं म्हणजे एकेका अवगुणावर तोड शोधत जायचं. ही तोड माणसाने कशी शोधली आणि ते स्वस्त काडतूस नेमबाजीच्या सरावाला कुठपर्यंत पुरतं, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

महाड-पोलादपूरच्या माणसाला हा विषय परका नाही. महाड तालुक्यातलं फौजी आंबवडे हे गाव घरटी एक तरी माणूस फौजेत असल्याबद्दल ओळखलं जातं. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त झाले आणि मग अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी घेऊन उभे राहिले. १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावात महार बटालियन उभी राहिली, आणि कोकणातल्या कित्येक घरांना फौजेचं दार पुन्हा उघडलं. अशा घरांमध्ये ‘चांदमारी’ हा शब्द लहान पोरांनाही ठाऊक असतो. मातीचा उंच बांध, त्याच्यापुढे उभी केलेली लक्ष्यं, आणि अमुक मीटरांवर पालथे पडून नेम धरणारे जवान. फायरिंग संपलं की एक काम उरतं, ते म्हणजे पुंगळ्या वेचणं. जेवढी काडतुसं हातात दिली, तेवढ्या रिकाम्या पुंगळ्या मोजून परत जमा करायच्या. गोळी गेली ती गेली, पण पुंगळीचा हिशेब लागलाच पाहिजे.

हा हिशेब शिस्तीचा तर आहेच, पण त्यात धातूचं मोलही आहे. इन्सास रायफलीचं ५.५६ मिलिमीटरचं एक काडतूस साधारण १२ ग्रॅम वजनाचं असतं. त्यातली गोळी ४ ग्रॅमची, दारू पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. बाकीचं, म्हणजे जवळजवळ निम्मं वजन एकट्या पितळी पुंगळीचं. जे लक्ष्यापर्यंत जातच नाही, जे बंदुकीतून बाजूला उडून मातीत पडतं, त्यावर सर्वांत जास्त धातू खर्ची पडतो.

मग ही पुंगळी लागते तरी कशाला? जुन्या बंदुकीला पुंगळी नव्हतीच. याच तालुक्यातल्या रायगडावर शिवकाळात ज्या तोड्याच्या बंदुका होत्या, त्यांत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासून भरत. नळीचा मागचा भाग कायमचा बंद असे. त्यामुळे दारू पेटल्यावर वायूला पुढे जाण्यावाचून वाट नसे. अडचण एवढीच की पावसात वात भिजे, दारू भिजे आणि बंदूक मुकी होई. एनफिल्ड रायफलीचं ज्या काडतुसावरून १८५७ साली रान पेटलं, तेही कागदाचंच होतं. दाताने फाडायचं, दारू नळीत ओतायची, गोळी दांड्याने दाबायची.

मागून भरायची बंदूक आली तेव्हा खरा प्रश्न उभा राहिला. नळीचं मागचं दार उघडतं-मिटतं असेल, तर त्याच्या फटीतून तापलेला वायू नेमबाजाच्या तोंडावर येणार. ही फट बुजवायची कशाने? उत्तर असं निघालं की काडतुसाचं कवचच बूच होईल. ते बूच प्रत्येक बाराला नवं असेल, आणि त्याला बंद करणारी शक्ती असेल खुद्द स्फोटाची.

आता तो एक क्षण जरा सावकाश पाहू. चाप ओढला की टोचा पुंगळीच्या बुडाशी बसवलेल्या टोपीवर आदळतो. टोपीतली ठिणगी आतल्या छिद्रातून दारूत शिरते. दारू पेटते आणि तिचा वायू होतो. ५.५६च्या काडतुसात हा दाब वातावरणाच्या दाबाच्या साडेतीन हजार पटींहून अधिक चढतो. पुंगळीची पातळ भिंत बाहेर फुगते आणि नळीच्या मागच्या टोकाला ती जिथे बसते त्या खोबणीच्या पोलादी भिंतीला अशी चिकटते की मध्ये फट म्हणून उरत नाही. मागे यायची वाट बंद झालेला वायू सगळं बळ गोळीवर लावतो, आणि ती सेकंदाला ९०० मीटरच्या घरातला वेग घेऊन निघते. गोळी तोंडातून बाहेर पडली की दाब कोसळतो. आणि त्या क्षणी पुंगळीला उलटं काम करायचं असतं. चिकटलेली भिंत सोडून किंचित आकसायचं, म्हणजे आकडा तिला सहज बाहेर खेचू शकेल. फुगणं, चिकटणं, आकसणं हे सगळं साधारण एका मिलिसेकंदाच्या आगेमागे उरकतं. डोळ्याची पापणी एकदा लवते तेवढ्या वेळात हे शंभर वेळा होऊन जाईल.

पितळ या कामात इतकं तरबेज का? काडतुसाच्या पितळेत ७० भाग तांबं आणि ३० भाग जस्त असतं. हे मिश्रण कमालीचं लवचीक आहे. एका जाड चकतीपासून वाटी दाबतात, मग ती वाटी एकामागून एक अरुंद साच्यांतून ओढत लांब नळी करतात. प्रत्येक ओढीला पितळ कडक होतं, म्हणून मधूनमधून ते तापवून पुन्हा मऊ करावं लागतं. शेवटी जी पुंगळी तयार होते, तिच्या बुडाला एक स्वभाव आणि गळ्याला दुसरा. बूड जाड आणि कडक, कारण तिथे आकडा ओढणार आणि टोपी घट्ट बसली पाहिजे. गळा पातळ आणि मऊ, कारण त्याला झटकन फुगून वायू अडवायचा आहे. दीड-दोन इंचांच्या एका तुकड्यात, जोड न देता, कडकपणाचा असा उतार घडवलेला असतो. लष्करी काडतुसाच्या गळ्याभोवती निळसर-तपकिरी डाग दिसतो, तो मळ नव्हे. गळा शेवटचा तापवला त्याची ती खूण आहे.

हा शेवटचा ताव किती मोलाचा आहे, हे जगाला कळलं त्यात आपल्या पावसाळ्याचा वाटा आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेला हिंदुस्थानात एक चमत्कारिक अनुभव यायचा. कोठारात ठेवलेल्या कोऱ्या करकरीत पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप तडे जात. कुणी हात लावलेला नाही, आपटलेलं नाही, तरी गळ्यावर बारीक भेगा. बराच काळ उलगडा होईना. १९२१मध्ये ब्रिटिश धातुशास्त्रज्ञांनी कारण नक्की केलं. अशी कोठारं घोड्यांच्या पागांच्या जवळ असत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया पावसाळी दमट हवेत मिसळून पितळेवर बसे. आणि पुंगळी ओढून घडवताना तिच्या अंगात जो ताण दडून राहिलेला असे, त्या ताणाच्या रेषांवर अमोनिया पितळ कुरतडत जाई. दोघांपैकी एकटा काही करू शकत नव्हता, दोघे मिळून धातू फोडत होते. उपाय साधा निघाला. पुंगळीला शेवटी बेताचा ताव द्यायचा, की दडलेला ताण निघून जातो. न गंजणारं म्हणून नावाजलेलं पितळही आपल्या पावसापुढे असं नमलं होतं, आणि त्यातूनच काडतूस अधिक पक्कं झालं.

पितळेचं काडतूसही पहिल्या प्रयत्नात जमलं नव्हतं. मार्टिनी-हेन्री रायफलीसाठी ब्रिटिशांनी आधी जे काडतूस वापरलं, त्याचं कवच पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून केलेलं होतं. १८८५च्या जानेवारीत सुदानमधल्या अबू क्लीच्या लढाईत वाळू, ऊन आणि काजळी यांच्यात ती कवचं खोबणीत अडकू लागली, ऐन लढाईत बंदुका बंद पडल्या. त्यानंतर अखंड ओढलेल्या पितळी पुंगळीने त्याची जागा घेतली. आपल्याकडे खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९पासून या परंपरेत आहे. भुसावळजवळच्या वरणगावच्या कारखान्यात आजच्या रायफलींची काडतुसं बनतात. ऑक्टोबर २०२१पासून हे दोन्ही कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहेत.

इतकं चांगलं पितळ हाताशी असताना पोलादाकडे कुणी का वळावं? कारण तांबं. काडतुसाच्या पितळेत सत्तर टक्के तांबं असतं आणि तांब्याचा भाव पोलादाच्या कित्येक पट असतो. महायुद्धात तर ते पैसे देऊनही मिळेना. दुसऱ्या महायुद्धातली ही टंचाई आपल्या आजोबा-पणजोबांनी तळहातावर पाहिली आहे. १९४३पासून निघालेला भोकाचा पैसा त्यांच्या खिशात होता, आणि त्याच्या पोटातलं भोक धातू वाचवण्यासाठीच पाडलेलं होतं. त्याच वर्षी अमेरिकेने आपलं तांब्याचं एक सेंटचं नाणं जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादात पाडलं. जर्मनीने रायफलीच्या काडतुसांना लाख चढवलेली पोलादी कवचं दिली. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या इव्हान्सव्हिल गावी क्रायस्लर या मोटार कंपनीने पिस्तुलाची ३०० कोटींहून अधिक काडतुसं बनवली, त्यांतली बहुसंख्य पोलादी कवचाची. आणि सोव्हिएत संघाने तर एके-४७च्या ७.६२ बाय ३९ या काडतुसाची मांडणीच पोलाद गृहीत धरून केली.

इथे पोलादाच्या अवगुणांशी खरी गाठ पडते. पोलादाचा ताठरपणा पितळेच्या जवळजवळ दुप्पट. ताठर धातू फुगल्यावर मागे फिरतो तो थोडाच. म्हणजे खोबणीला चिकटलेली पोलादी पुंगळी पितळेइतकी आकसत नाही, आणि बाहेर यायला कुरकुर करते. शिवाय तिचा गळा पितळेइतका चटकन फुगत नाही, त्यामुळे वायू थोडा मागे पाझरतो आणि पुंगळीच्या बाहेरच्या अंगावर काजळी धरते. ही काजळी खोबणीत साचत जाते.

सोव्हिएत रचनाकारांनी धातूचा स्वभाव बदलण्याच्या नादी न लागता आकार बदलला. एके-४७चं काडतूस हातात घेतलं तर पुंगळीचा बुडाकडचा भाग रुंद आणि पुढचा निमुळता असल्याचं डोळ्यांना स्पष्ट दिसतं. या रायफलीच्या मॅगझिनचा पुढचा बाकही याच निमुळतेपणातून येतो, कारण अशा काडतुसांची चवड लावली की ती आपोआप वळते. आता बाटलीचं निमुळतं बूच आठवा. ते केसभर हललं की सगळीकडून एकदम सुटतं, आणि सरळ दट्ट्या मात्र शेवटच्या टोकापर्यंत घासत येतो. पोलादी पुंगळीचं तसंच. ती पुरेशी आकसली नाही तरी जराशी मागे सरकताच खोबणीपासून मोकळी होते. पाश्चात्त्य बनावटीच्या ५.५६च्या पुंगळीत हा निमुळतेपणा कमी आहे. म्हणून तेच पोलाद एके-४७मध्ये निर्धास्त चालतं आणि ५.५६च्या रायफलीत कधीकधी अडकून बसतं.

राहिला गंज. त्यासाठी पोलादाला कधी तांब्याचा हात, कधी जस्ताचा, कधी लाखेचा. गेल्या वीसेक वर्षांत रशियन कारखान्यांनी लाखेऐवजी पॉलिमरचा राखाडी थर द्यायला सुरुवात केली. हा थर दुहेरी काम करतो. पाण्याला धातूपर्यंत पोहोचू देत नाही, आणि खोबणीत पुंगळीला सरकायला मदत करतो. मात्र थराला ओरखडा गेला की शिवथरसारख्या हवेत तिथून गंज शिरायला वेळ लागणार नाही.

अशा काडतुसाची स्वस्ताई आणखी दोन ठिकाणी दडलेली असते. पहिली जागा टोपीची. पितळी काडतुसात, विशेषतः अमेरिकेत, टोच्याच्या घावाला टेकण देणारी छोटी ऐरण टोपीतच असते आणि पुंगळीच्या बुडात मधोमध एकच छिद्र. जळलेली टोपी त्या छिद्रातून ढकलून काढता येते आणि पुंगळी पुन्हा भरता येते. स्वस्त पोलादी काडतुसात ऐरण पुंगळीच्या बुडातच घडवलेली असते आणि छिद्रं दोन, कडेला. त्यामुळे ती सहसा कुणी पुन्हा भरत नाही. पहिली पद्धत ब्रिटिश लष्करातल्या एडवर्ड बॉक्सरची आणि ती अमेरिकेत रुजली. दुसरी अमेरिकेच्या हायरम बर्डनची आणि ती युरोप-रशियात रुजली. दोघांची कल्पना एकमेकांच्या देशात स्थायिक झाली.

दुसरी जागा गोळीची. नेहमीच्या गोळीत शिशाच्या गाभ्यावर तांब्याच्या मिश्रधातूचं वेष्टन असतं. स्वस्त गोळीत वेष्टन मऊ पोलादाचं असतं आणि त्यावर तांब्याचा नुसता हात फिरवलेला असतो. लोहचुंबक जवळ नेला की ती चटकन चिकटते. अमेरिकेतल्या पुष्कळ नेमबाजी मैदानांवर दाराशीच अशी चुंबकाची तपासणी होते, कारण पोलादी वेष्टनाच्या गोळ्यांनी ठिणग्या उडतात आणि लक्ष्याच्या पाट्या खराब होतात.

बंदुकीच्या नळीवर मात्र त्याहून खोल परिणाम होतो. २०१३मध्ये लकी गनर या अमेरिकी विक्रेत्याने चार सारख्या रायफली घेतल्या. एकीत पितळी आणि उरलेल्या तिघींत तीन वेगवेगळ्या पोलादी काडतुसांच्या प्रत्येकी १०,००० फैरी झाडायचं ठरवलं. पोलादी काडतुसं वापरलेल्या नळ्यांची झीज ६,००० फैरींच्या आसपास उघड दिसू लागली. पितळी काडतुसांची नळी १०,००० नंतरही कामाची राहिली. झिजवणारी होती ती गोळी, पोलादी वेष्टनाची. पुंगळीचा त्यात फारसा दोष नव्हता. आणि हिशेब मांडल्यावर दिसलं की स्वस्त काडतुसांत वाचलेल्या पैशांत नवी नळी घेऊनही पैसे उरत होते.

तर मग सरावाला स्वस्त काडतूस घ्यावं का? इथे एक छोटंसं गणित आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली त्यातच आहे. बंदूक शिकंज्यात आवळून एकाच जागी दहा गोळ्या झाडल्या, तरी त्या एकाच भोकातून जात नाहीत. काडतुसा-काडतुसात दारूचा, वजनाचा, गळ्याच्या पकडीचा बारीक फरक असतो. समजा १०० मीटरवर स्वस्त काडतुसाचा पसारा, म्हणजे भोकांच्या घोळक्याची रुंदी, ९ सेंटिमीटर आहे. नेमबाजाच्या हाताचा, श्वासाचा, चाप ओढण्याचा पसारा वेगळा. हे दोन पसारे सरळ बेरजेने एकत्र येत नाहीत. त्यांच्या वर्गांची बेरीज होते आणि तिचं वर्गमूळ लक्ष्यावर दिसतं.

आता नवशिका जवान घ्या. त्याच्या हाताचा पसारा २० सेंटिमीटर. २०चा वर्ग ४००, ९चा वर्ग ८१, बेरीज ४८१, वर्गमूळ सुमारे २२. म्हणजे जगातलं उत्तमोत्तम काडतूस हातात दिलं तरी त्याचं ग्रुपिंग, म्हणजे लक्ष्यावरचा एकूण पसारा, २२वरून २०वर येईल, एवढंच. त्याच्या सगळ्या चुका स्वस्त काडतूसही प्रामाणिकपणे दाखवतं. त्याला दर्जापेक्षा संख्या हवी, जास्त फैरी हव्यात.

आणि आता मुरलेला नेमबाज घ्या, ज्याच्या हाताचा पसारा ३ सेंटिमीटर आहे. ९ अधिक ८१ बरोबर ९०, वर्गमूळ साडेनऊ. त्याने महिनोन्‌महिने मेहनत करून आपली चूक अगदी शून्यावर आणली तरी लक्ष्यावर फरक दिसेल अर्ध्या सेंटिमीटरचा. त्याचं काडतूस त्याला त्याची चूकही दाखवत नाही आणि प्रगतीही. एकच काडतूस, एकच पसारा, पण एकाला तो उत्तम गुरू आणि दुसऱ्याला आंधळा आरसा.

म्हणूनच वरच्या पायरीवरच्या खेळात पोलादी पुंगळीला जागा नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक जिंकलं, ते ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये. त्या लक्ष्यातलं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. २०१०मध्ये म्युनिकला जगज्जेती ठरलेली कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत याच ५० मीटरवर खेळली. या खेळातलं .२२चं काडतूस पितळी पुंगळीचं आणि शिशाच्या गोळीचं. नेमबाज एकाच प्रकारच्या काडतुसांचे वेगवेगळे गट आपल्याच रायफलीतून तपासतात आणि जो गट सर्वांत घट्ट बसेल तोच विकत घेतात. तिथे काडतुसाचा पसारा जवळजवळ नाहीसा व्हावा लागतो, तेव्हाच उरलेली चूक माणसाची म्हणून ओळखू येते.

भारतात १९५९च्या शस्त्र कायद्यामुळे काडतूस दुकानातून सहज उचलता येत नाही, परवाना आणि कोटा लागतो. पण सरावाच्या संख्येचा प्रश्न आपल्याही नेमबाजांना चुकलेला नाही, आणि त्याचं आपल्याकडचं सुरेख उत्तर म्हणजे हवेची रायफल. तिच्यात दारू नाही, पुंगळी नाही, तांबंही नाही. अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा दाबलेल्या हवेने १० मीटरवर जातो, आणि दहा गुणांचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२मध्ये कैरोत याच प्रकारात जगज्जेतेपद मिळवलं. अमेरिकेत हजारो नेमबाज ज्या रशियन पोलादी काडतुसांवर विसंबले होते, त्यांच्या आयातीचे नवे परवाने ७ सप्टेंबर २०२१पासून बंद झाले आणि बाजारातली स्वस्ताई आटली. हवेच्या रायफलीला काडतूसच लागत नाही, म्हणून काडतुसांवरच्या अशा बंदीची झळ तिला नाही.

फौजेत जायचं ठरवून आज शिवथर, बिरवाडी, पोलादपूरकडून निघणारी मुलंमुली उद्या चांदमारीवर पालथी पडतील. पहिल्या फैरींचं ग्रुपिंग पसरलं तर त्यांनी काडतुसाला बोल लावू नये, कारण वर्गमुळाचं गणित त्यांच्या बाजूचं आहे. त्या टप्प्यावर जवळजवळ सगळी सुधारणा त्यांच्या स्वतःच्या हातात असते. आणि पुढे कधी हात इतका स्थिरावला की चूक दिसेनाशी झाली, तेव्हा काडतूस बदलायची वेळ आली असं समजावं. पितळ श्रेष्ठ की पोलाद, याचं उत्तर धातूत शोधून सापडत नाही. ते नेमबाज आज कुठल्या पायरीवर उभा आहे यावर ठरतं, आणि ती पायरी त्याला लक्ष्याचा कागद दरवेळी सांगत असतो.